दोन फर्म्यांचं पुस्तक

४ ऑगस्ट

चि. ताईस,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. म्हणजे तुझी भिंगरी ठणठणीत आहे आणि मी हिंडता-फिरता आहे. तुझा खोकला थांबला का? पुलाच्या कामावर वारा फार असणार. मोजणी करताना कान उघडेच ठेवले पाहिजेत असा काही नियम नसेल, तेव्हा रुमाल बांधत जा.

फोन असताना पत्र कशाला, असं तुझ्या मनात येईल. फोनवर तुझ्यामागे यंत्रं घरघरत असतात आणि माझ्यामागे ही पोर कान टवकारून बसलेली असते. मला धड बोलता येत नाही. शिवाय मी निम्मं विसरतो. कागदावर विसरलेलं मागाहून समासात लिहिता येतं.

भिंगरीची छाती आता चांगली आहे. तीन जिने एका दमात चढते आणि वर पोचल्यावर मला खाली ओरडून विचारते, "आजोबा, अजून किती स्टेशनं राहिली?" मी दुसऱ्या मजल्यावर कठड्याला धरून उभा असतो. वाचन म्हणशील तर हातात सापडेल ते वाचते. पिशवीवरचं, पाटीवरचं, रद्दीतलं. परवा कुणा वकिलाच्या फायली बांधायला आल्या होत्या, त्यातलं भांडण वाचून मला म्हणाली, "ह्या बाईचंच बरोबर आहे." मी फाईल काढून घेतली. बांधणीचं काम हल्ली एवढंच येतं, फायली आणि वाचनालयाची फाटकी पुस्तकं. तेही होत नाही. दाभण टोचायला बोटात जोर लागतो, तो राहिलेला नाही.

आता विचारायचं ते विचारतो. जाताना तू जो कागद भिंतीवर लावून गेलीस त्यात लिहिलं आहेस की वाचन सराईत झालं आणि आठवं वर्ष लागलं की शुद्धलेखन सुरू करायचं. परकी भाषा त्याआधी नुसती कानाने, आणि तिचं पुस्तकही आठव्यालाच. भिंगरीला आठवं लागून पाच महिने झाले. दोन्ही गोष्टी एकाच वर्षी पोरीच्या अंगावर येतात हे तुझ्या ध्यानात आलं होतं का? मी रोज तो कागद वाचतो आणि रोज मला घोर लागतो.

खालच्या औषधवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, परकी भाषा जितकी लवकर तितकी बरी. मोठेपणी जीभ वळत नाही. दुपारी दुकानात कुणी नसतं, अर्धा तास खाली धाडा तिला, मी बोलत जाईन." त्यांना ती भाषा येते, तिकडे शिकून आल्या आहेत त्या. मी बघू म्हटलं. मग छापखान्याच्या जुन्या मालकाला विचारलं. तो म्हणाला, "आधी आपली भाषा धड लिहू दे की. पोरीला काय परदेशात वकील म्हणून पाठवायचंय?" दोघंही शिकलेले आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. मी आपला मधे.

माझ्यापुरतं सांगायचं तर पहिली खळ वाळल्याशिवाय वर दुसरं कापड चढवलं की दोन्ही सुटतात, हे मी पन्नास वर्षं बघितलंय. म्हणून शुद्धलेखन जोरात चालू ठेवलंय. रोज दहा ओळी मी सांगतो, ती लिहिते, मग दोघं मिळून शब्दकोशात बघतो. पुष्कळदा कोश तिच्या बाजूने असतो. परकी भाषाही चालू आहे, नाही असं नाही. चार धडे झाले आहेत. पण सावकाश घेतोय.

तपासनीस बाई सप्टेंबरात येणार. मागच्या खेपेला त्यांनी "पुन्हा पाहू" असा शेरा दिला होता. ह्या खेपेला शेरा वाईट पडला आणि फेरतपासणीतही निभावलं नाही तर घरी शिकवायची परवानगी जाते, आणि मग तू तिला तुझ्या कामाजवळच्या वसतिगृहाच्या शाळेत घालणार. तू आई आहेस, तुझा हक्क आहे, मी मधे पडणार नाही. पण अजून तिला झोप लागेपर्यंत पायाशी कुणीतरी बसलेलं लागतं. तिथे कोण बसणार?

तेव्हा बाईंना तू एक चिठ्ठी लिहिलीस तर बरं होईल, की आमच्याकडे परकी भाषा नववं लागल्यावर सुरू करायची असं ठरलं आहे. एवढं केलंस तर माझ्या जिवाला स्वस्थता लाभेल.

तुझा,
बाबा


१७ सप्टेंबर

चि. ताईस,

आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. चिठ्ठी देणार नाहीस असं लिहिलंस, ठीक आहे. तू रागावली आहेस हे अक्षरावरून कळलं. रागात तुझ्या वेलांट्या लांब होतात, लहानपणापासून.

जिन्यातला दिवा गेला होता तो बसवून घेतला. पाण्याची मोटर अधूनमधून बंद पडते. माझ्या डाव्या डोळ्यापुढे एक ठिपका फिरतो, डॉक्टर म्हणाले वयाचं आहे. त्यांना सगळं वयाचंच दिसतं.

तपासनीस बाई सोमवारी येऊन गेल्या. मी सकाळपासून खोली आवरत होतो. पुस्तकं दाबायच्या शिकंज्यावर चादर टाकली, खळीचं भांडं गॅलरीत नेलं, तरी वास येतच होता. बाई बऱ्या आहेत, पण चष्म्यावरून बघतात.

शुद्धलेखन चांगलं झालं. दहा ओळींत दोन चुका. त्यांनी "समाधानकारक" लिहिलं. मग त्या परक्या भाषेत भिंगरीला काहीतरी बोलल्या. सहा-सात शब्द असतील. मला त्यातला "पुस्तक" तेवढा कळला. भिंगरीने त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आपल्या भाषेत म्हणाली, "आम्ही अजून तिथपर्यंत आलो नाही."

बाईंनी आणखी दोनदा विचारलं. तिने दोन्ही वेळा तेच सांगितलं. बाईंनी तू पाठवलेलं त्या भाषेचं पुस्तक मागून घेतलं, चाळलं. "कोरी पानं बरीच आहेत," म्हणाल्या. मी म्हटलं, सरावाला. "बांधणी मात्र सुरेख आहे," असंही म्हणाल्या. मग त्यांनी शेरा लिहिला. परकी भाषा, जवळजवळ सुरुवातच नाही. सहा आठवड्यांनी, २८ ऑक्टोबरला फेरतपासणी. ती शेवटची.

तू विचारलंस, "सहा महिन्यांत संपणारं पुस्तक मी मुद्दाम शोधून पाठवलं, मग पाच महिन्यांत चारच धडे कसे?" आता काय सांगू. मी रोज बसवतो. मी स्वतः शेजारी बसतो. मला वाटतं, मुलगी परक्या भाषेत जरा कच्ची आहे. एकेकाची जीभ नसते वळत. त्यात तिचा दोष नाही.

वसतिगृहाचा अर्ज मागवलास असं लिहिलंस. नुसता मागवला आहेस की भरलास?

फार थकायला होतं. बाकी नंतर.

बाबा


२९ सप्टेंबर

चि. ताईस,

मागच्या पत्रातलं भिंगरी कच्ची आहे हे वाक्य आधी खोडून टाक. पेनने खोड, वाचता येणार नाही असं. मग पुढचं वाच.

पत्र टाकून आलो त्या दिवशी खालच्या बाईंनी मला दुकानातून हाक मारली. तपासणीचं काय झालं विचारलं. मी शेरा सांगितला. त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "कोणाला? भिंगरीला? अहो, रोज दुपारी तुम्ही झोपलात की ती इथे काउंटरवर बसून माझ्याशी त्याच भाषेत बोलते. औषधाच्या खोक्यांतले कागद वाचून दाखवते. आजोबा, खरं सांगा, नापास कोण झालं? पोरगी की तुम्ही?"

मी वर आलो. तीन जिने कसे चढलो ते आठवत नाही. भिंगरी जमिनीवर बसून दोऱ्याला मेण लावत होती. ते काम ती छान करते. मी विचारलं, "बाई बोलल्या ते तुला कळलं होतं?"

"हो."

"काय विचारलं त्यांनी?"

"तुझ्या आवडीच्या पुस्तकात काय आहे ते सांग, असं."

"मग सांगितलं का नाहीस?"

ती दोरा ओढत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही चौथ्या धड्यावर होता ना. म्हणून मी थांबले."

ताई, मी तिच्याजवळ जमिनीवर बसलो.

आता जे तुला सांगायचं टाळत होतो ते सांगतो. तू बांधणाऱ्याची मुलगी आहेस, तुला फर्मा काय हे सांगायला नको. मोठा कागद घडी घालून सोळा पानांचा एक जुडगा होतो, असे जुडगे ओळीने शिवले की पुस्तक. तू पाठवलेल्या पुस्तकात आठ फर्मे होते. एकेका फर्म्यात दोन धडे. त्यातले सहा मी काढले.

एप्रिलमध्येच. ती खाली खेळायला गेली होती. शिलाई उसवली, पहिले दोन फर्मे ठेवले, अनुक्रमणिकेचं पान काढलं, आणि जाडी तेवढीच दिसावी म्हणून कोऱ्या कागदाचे सहा फर्मे घालून पुन्हा शिवलं. वरचं आवरण तेच चढवलं. काम असं केलं की छापखान्याच्या मालकालाही ओळखू आलं नसतं. बाईंनी बांधणीचं कौतुक केलं तेव्हा मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

का केलं ते सांगणं त्याहून अवघड आहे.

आमच्या वेळी परकी भाषा पाचवीपासून असे. माझा चौथीचा निकाल लागला, वर्गात तिसरा होतो, आणि दुसऱ्या दिवशी वडिलांनी मला बांधणीच्या कारखान्यात नेऊन बसवलं. हे तुला माहीत आहे. हे माहीत नसेल की मी सोळा वर्षांचा असताना परक्या भाषेच्या दोनशे पुस्तकांना उलटी आवरणं चढवली. अक्षरं वर-खाली कळेनात. मालकाने सगळ्या कामगारांना गोळा केलं आणि त्यांच्यासमोर ती दोनशे पुस्तकं मला एकेक करून सोलायला लावली. "ह्याला डोकं कुठे नि पाय कुठे ते कळत नाही," असं म्हणत होता. लोक हसले. दुसरा दिवस उजाडल्यावर ते विसरले. मी पंचावन्न वर्षं विसरलो नाही. तुझी आई होती तोवर परक्या भाषेचं काम आलं की ती आवरणावर पेन्सिलीने एक बारीक बाण काढून ठेवायची, हा भाग वर म्हणून. ती कधी हसली नाही.

तुझं पुस्तक आलं तेव्हा मी भिंगरीला म्हटलं, मी पण बसतो, तुला सोबत. पहिले पंधरा दिवस काय गेले म्हणून सांगू! आम्ही दोघं एकदम म्हणायचो, दार, खिडकी, माझं नाव अमुक, मी अमुक ठिकाणी राहतो. मी मनातल्या मनात जिन्यावर म्हणायचो, दाढी करताना म्हणायचो. मी पाचवीत बसलो होतो, ताई.

मग तिसऱ्या आठवड्यात ती पुढे जायला लागली. मला काल शिकलेलं आज आठवेना. ती हळूच सांगायची, "आजोबा, असं नाही, असं." वरून माझी समजूत काढायची, "हा धडा अवघडच आहे." आठव्या वर्षातली पोर. एकदा तिने पान उलटलं आणि मी अजून आधीच्याच पानावर होतो. तिने ते परत उलटलं आणि वाट बघत बसली.

त्या दुपारी मी पुस्तक उसवलं.

मनाशी म्हटलं, सहाच फर्मे तर आहेत, मी पहिले दोन पक्के करीन आणि मग एकेक घालीन. कोणाला कळणार आहे? पाच महिने झाले आणि माझे दोन फर्मे पक्के झाले नाहीत. तुला शुद्धलेखन आधी की परकी भाषा आधी, नववं की आठवं, असं सगळं मी विचारत होतो. खाली बाई अर्धा तास शिकवायला तयार होत्या, त्यांना बघू म्हणून टाळलं. छापखानेवाल्याच्या तोंडून मला हवं ते काढून घेतलं. पोरीला कधी शिकवावं ह्याची मला काळजी नव्हती, असं नाही. होती. पण त्या काळजीच्या आड मी लपलो होतो.

आणि तिला घरातून जावं लागेल हे समोर दिसत असूनही मी फर्मे परत घातले नाहीत. हे मला स्वतःलाच उलगडत नाही. तुझ्यासमोर खोटं पडायची भीती वाटत होती की तिच्यासमोर, कोण जाणे.

तिला मात्र पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. मी विचारलं, कसं? म्हणाली, "पुस्तक आईने पाठवलेलं. मग त्याला दोरा आपला कसा?" मेण लावलेला दोरा ती स्वतःच्या हाताने ओळखते. मग तिने शोधलं. काढलेले फर्मे मी पुठ्ठ्यांच्या चळतीत घातले होते, ते तिला एका दुपारी सापडले. मी घोरत असताना एकेक काढून वाचायची आणि जिथल्या तिथे ठेवायची. काही अडलं तर खाली जाऊन विचारायची. सहाही संपले आहेत.

"मला सांगितलं का नाहीस गं?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"आणि बाईंनी शेरा दिला, तुला वसतिगृहात जावं लागेल, त्याचं काय?"

त्यावर ती पहिल्यांदा रडली. म्हणाली, "मी सांगितलं असतं तर बाई तुम्हाला रागावल्या असत्या. आणि नाही सांगितलं तर मला जावं लागणार. दोन्हीकडून माझंच वाटोळं." असं म्हणून नाक पुसलं. हे वाटोळं कुठून शिकली कोण जाणे. त्या वकिलाच्या फायलीतून असेल. मला हसू आलं, आणि मग ते हसू राहिलं नाही.

काल आम्ही पुस्तक पुन्हा बांधलं. कोरे फर्मे काढले, छापलेले सहा परत घातले. प्रत्येक फर्म्याच्या पहिल्या पानाखाली बारीक आकडा असतो, तो ती मोठ्याने वाचत होती आणि मी शिवत होतो. पाचव्यापाशी माझ्या बोटांतला जोर संपला, तेव्हा दाभण तिने घेतलं. शिलाई जरा वाकडी आली आहे. तशीच ठेवली.

खालच्या बाईंकडे आजपासून रोज दुपारी ती अर्धा तास जाते. शुद्धलेखन माझ्याकडे ठेवलं आहे, तुला ते काढून घ्यायचं असेल तर घे. भिंगरी म्हणत होती, "तुम्ही पण चला ना, बाईंकडे दोन स्टुलं आहेत." जायचं माझ्या किती मनात होतं ते तुला सांगत नाही. पण मी तिथे बसलो की ती पुन्हा थांबेल. तिला माझ्यासाठी थांबायची सवय लागली आहे आणि ती मीच लावली. म्हणून म्हटलं, मला गुडघ्यांमुळे दुपारचं खाली-वर जमत नाही. ती गेली की मी दार लोटून घेतो. खालून आवाज येतो, शब्द कळत नाहीत.

२८ तारखेला ती पास होईल. ह्याबद्दल मला शंका नाही. तपासनीस बाईंनाही मी फर्म्यांचं सांगणार आहे, म्हणजे मागच्या शेऱ्याचा डाग तिच्यावर राहायला नको. पण परवानगी राहिली म्हणून तिने माझ्याकडेच राहावं असं नाही. मी काय केलं ते आता तुला माहीत आहे. अर्ज भरायचा की फाडायचा ते तू ठरव. मी आता चिठ्ठी मागत नाही आणि पायाशी कोण बसणार असंही विचारत नाही.

ह्या पाकिटात दुसरं एक पाकीट आहे. आज सकाळी भिंगरीने तुला पत्र लिहिलं, सगळंच्या सगळं परक्या भाषेत, दोन पानं. शेवटच्या ओळींत "आजोबा" हा शब्द चार वेळा आहे, तो मला ओळखता आला. बाकीचं नाही. मी तिला विचारलं, कुठे राहायचं हे लिहिलंस का? तिने होकारार्थी मान हलवली. "वाचून दाखवू?" म्हणाली. मी नको म्हटलं. ती वाचताना माझ्या तोंडाकडे बघेल, आणि मग जे लिहिलं आहे ते न वाचता मला बरं वाटेल ते वाचेल.

म्हणून तिच्या समोर मी पाकीट डिंकाने बंद केलं आणि कडा दाबून घेतल्या. तू एकटी असताना उघड. तिला जे हवं असेल ते त्यात असेल. तसं कर.

तुम्हा दोघींचा,
बाबा